राहिलेल्या रडण्याचा प्रवासखर्च

मरणाची सूचना पंधरा दिवस आधी लेखी द्यावी, अशी तरतूद अजून कुठल्या कायद्यात आलेली नाही. धुळ्यातल्या एका कॉलेजच्या नियमावलीत मात्र ती आली होती. ती कोणी मुद्दाम घातली नव्हती. चांगल्या हेतूने केलेल्या नियमांत अशा गोष्टी आपोआप येऊन बसतात.

त्याचं झालं असं. नव्या धोरणाने पदवीला चौथं वर्ष जोडलं. ज्यांना संशोधन करायचंय त्यांनी हे वर्ष घ्यावं, प्रबंध लिहावा आणि ऑनर्सची पदवी न्यावी, अशी योजना. बहुतेक मुलं तीन वर्षांवर समाधान मानून नोकरी शोधायला पुण्याला गेली. जी मोजकी राहिली त्यांच्यासाठी कॉलेजने ‘संशोधन व प्रवास साहाय्य निधी’ काढला. निधी लहान होता. नियमावली मोठी होती.

नियमावली प्राध्यापक लीलाधर चौधरींनी एकहाती लिहिली होती आणि समितीचे अध्यक्षही तेच होते. वाणिज्य शिकवायचे. मूळचे फैजपूरचे, केळीवाल्या घरातले, पण धुळ्यात नोकरी होऊन इतकी वर्षं झाली होती की केळी आता तेही डझनावर घेत. यापूर्वीच्या अशाच एका योजनेत तेव्हाच्या अध्यक्षांचा पुतण्या सागरी जीवांचा अभ्यास करायला गोव्याला गेला होता. अहवालाला जोडलेल्या फोटोंत समुद्र होता, पुतण्या होता, जीव कुठे दिसला नाही. चौधरी सरांना ते लागलं. म्हणून त्यांनी नियम केले. प्रवासाची तारीख, वेळ, ठिकाण आणि कार्यक्रमाचं स्वरूप पंधरा दिवस आधी कळवावं. मंजुरीपूर्वी केलेला प्रवास हा प्रवास धरला जाणार नाही, आणि त्यात मिळालेली माहितीही प्रबंधात धरली जाणार नाही. विद्यार्थिनीबरोबर कायम सेवेतला प्राध्यापक असावा. ज्याचा आवाज वा उल्लेख ध्वनिमुद्रणात येईल त्याची लेखी संमती घ्यावी, तो मयत असल्यास वारसाची. आणि ज्या प्रकल्पात समितीच्या सदस्याचा किंवा त्याच्या कुटुंबीयाचा कुठल्याही रूपात संबंध येईल, त्यावर त्या सदस्याने सही करू नये. शेवटचा नियम सरांना विशेष आवडायचा. तो ते बैठकीत कारण नसतानाही वाचून दाखवत.

आता संघमित्रा सैंदाणे. नरडाण्याची. वडील देवचंद तिथल्या औद्योगिक वसाहतीत एका कंपनीत पॅकिंगला. तिने प्रबंधाला विषय घेतला तो बायकांच्या रडण्याचा.

आपल्या खानदेशात कोणी गेलं की लोक दारावर जातात. दारावर जाणं म्हणजे गेलेल्याच्या घरी भेटायला जाणं. पुरुष येतात, ओट्यावर बसतात, पाऊसपाण्याचं बोलून उठतात. बायकांचं तसं नसतं. परगावची बाई गल्लीच्या कोपऱ्यापासूनच सूर लावते. घरातली बाई दारात येते, दोघी एकमेकींच्या गळ्यात पडतात आणि मग जे सुरू होतं ते नुसतं रडणं नसतं. गेलेला माणूस कसा होता, काय खायचा, कोणाला काय बोलला, कोणी त्याला छळलं, सगळं त्यात येतं, अहिराणीत, हेल काढून. हे आता कमी होत चाललंय. दारात मंडप असतो, मंडपात स्पीकर असतो, स्पीकरवर भजन असतं, आणि बायका मोबाइल खाली ठेवून डोळे पुसतात. जुनं रडणं जाण्याआधी नोंदवून ठेवावं, हा संघमित्राचा विषय.

“चार वर्षं शिकून रडणंच शिकायचं होतं,” देवचंद म्हणाले होते, “तर ते घरी बसूनही झालं असतं, बेटा.” पण ते फीबद्दल एक शब्द बोलले नाहीत. त्यामुळे ती गंमतच होती असं धरायला हरकत नाही.

तिला मार्गदर्शक ज्योत्स्ना मॅडम. समाजशास्त्र शिकवायच्या, तासिका तत्त्वावर. म्हणजे जेवढे तास शिकवतील तेवढ्या तासांपुरत्या त्या प्राध्यापक असत. विषय त्यांना फार आवडला. मात्र निधीचा पहिला अर्ज बैठकीत आला तेव्हा विषय किती अवघड आहे हे सगळ्यांच्याच लक्षात आलं.

“कार्यक्रमाची तारीख?” चौधरी सरांनी विचारलं.

“सर, कोणी गेलं की मग,” संघमित्रा म्हणाली.

“म्हणजे अंदाजे?”

“अंदाज कसा देणार, सर?”

“मग मंजुरी कशी देणार?” सर म्हणाले. ते टोमणा मारत नव्हते. त्यांना खरंच तो प्रश्न पडला होता.

अर्ज परत आला. दुसरा अर्ज तिने एक गाव आणि ‘मार्चचा पहिला आठवडा’ असं लिहून केला. त्यावर बैठकीत कोणीतरी विचारलं, की त्या आठवड्यात त्या गावात नक्की कोण मरणार आहे याची विद्यार्थिनीला कल्पना असेल तर ती तिने पोलिसांना द्यायला नको का. सगळे हसले. चौधरी सर हसले नाहीत. त्यांनी अर्जावर ‘तारीख निश्चित नाही’ असा शेरा मारला.

मधल्या काळात ती स्वतःच्या खर्चाने एस.टी.ने तीन ठिकाणी जाऊन आली. एका ठिकाणी पोहोचेपर्यंत बायका जेवायला बसल्या होत्या. दुसरीकडे तिने मोबाइल काढला तशी एक म्हातारी म्हणाली, “व माय, लगीन नही हाई.” तिसरीकडे ध्वनिमुद्रण झालं, चांगलं झालं, पण मंजुरीपूर्वीचं असल्याने ते झालंच नाही. प्रबंध मार्चअखेर द्यायचा होता. ध्वनिमुद्रण नसेल तर प्रबंध नाही, प्रबंध नसेल तर ऑनर्स नाही. मग चौथं वर्ष कशाला केलंस, याचं उत्तर तिला नरडाण्यात घरोघरी द्यावं लागलं असतं.

त्या एस.टी.च्या प्रवासांत एक नाव तिला प्रत्येक गावी ऐकू आलं होतं. पिंपळनेरच्या पुढे चिंचपाडळी म्हणून गाव आहे, तिथल्या सुगंधाबाई. त्या रडायला लागल्या की पांझरा नदीच्या पलीकडच्या शेतात बैल थांबायचे, असं लोक सांगत. बैलांचं सोडा, पण गावोगावच्या बायका दारावर जाताना सुगंधाबाईंना गाडीत घालून न्यायच्या हे खरं होतं. आणि करोनापासून त्या कुठेच रडल्या नव्हत्या हेही खरं होतं.

संघमित्रा त्यांना भेटायला गेली. सत्तरीच्या, सडपातळ, बोलायला मोकळ्या. तरुणपणी विधवा होऊन माहेरी आलेल्या, भाऊ नवल याच्याजवळ राहिलेल्या. नवलने लग्न केलं नव्हतं. बहीणभावाचंच घर होतं ते. दुसऱ्या लाटेत नवलला श्वास लागला, पुतण्याने गाडी करून धुळ्याला नेलं, आणि आठवड्याने पुतण्या एकटाच परत आला. हातात अस्थींचं गाडगं होतं.

“मना भाऊनं रडनं राही जायेल शे,” सुगंधाबाई म्हणाल्या. “दारवर कोनी उनं नही. येवाले बंदी व्हती. घरना मानूसले रडनं नही, मंग दुसराले कसी रडू?”

संघमित्रा परत निघाली तेव्हा म्हाताऱ्या बाईने सहज विचारलं, की पोरी, तुझं काम कशामुळे अडलंय. तिने सांगितलं. पंधरा दिवसांचा नियम, तारखेचा नियम, सगळा सांगितला. सुगंधाबाईंनी तो नीट ऐकून घेतला.

“तुना साहेबले तारीख लागस ना?”

“हो, अक्का.”

“मंग त्यालेच इचार. तो जी तारीख देई, तैन्हा नवलले रडसूत. आम्हले कोनीच तारीख देल नव्हती.”

तिसरा अर्ज बैठकीपुढे आला त्यात तारखेची जागा मोकळी होती आणि खाली लिहिलं होतं: ‘समिती देईल ती.’ कार्यक्रमाचं स्वरूप: रडणे.

“मयत कोण?” चौधरी सरांनी विचारलं.

“नवल पाटील, सर.”

“कधी वारले?”

“करोनात. दुसऱ्या लाटेत.”

“मग आता काय आहे?”

“रडायचं राहिलंय, सर.”

बैठकीत दोघांना हसू येत होतं. त्यांनी अध्यक्षांकडे पाहिलं आणि ते आवरलं. चौधरी सर अर्जाकडे बघत होते. अर्ज एका पानाचा होता, त्याला इतका वेळ लागायचं कारण नव्हतं.

“प्रलंबित, असं लिहा,” ते शेवटी म्हणाले. “नुसतं रडणे नको. प्रलंबित रडणे.”

त्यांनी पंधरा दिवस मोजून मंगळवार दिला. वेळ सकाळी अकरा ते एक. बरोबर जाणारा कायम सेवेतला प्राध्यापक कोण, हा प्रश्न निघाला तेव्हा कोणालाच त्या मंगळवारी सवड नव्हती. सर म्हणाले, “मी जातो.”

मंगळवारी सकाळी धुळ्याहून जीप निघाली. पुढे चौधरी सर, मांडीवर फाइल. मागे संघमित्रा आणि तिच्याशेजारी ज्योत्स्ना मॅडम. तासिका तत्त्वावरच्या असल्याने समितीच्या दृष्टीने मॅडम जीपमध्ये नव्हत्या. सरांनी साक्रीपर्यंत तो नियम पाळला आणि त्यांच्याशी बोलले नाहीत. साक्रीला चहा घेताना मात्र त्यांनी चार कप सांगितले, ड्रायव्हर धरून.

चिंचपाडळीला त्यांची वाटच बघत होते. सुगंधाबाईंच्या अंगणात शेणाचा सडा होता, त्यावर सतरंजी. गावातल्या वीसेक बायका डोक्यावर पदर घेऊन बसल्या होत्या. चुलीपाशी पितळी पातेल्यात चहा उकळत होता. सरांसाठी ओट्याखाली प्लॅस्टिकची खुर्ची ठेवली होती. सुगंधाबाई दाराच्या उंबऱ्याशी बसल्या होत्या. संघमित्राने सगळ्यांना काय करणार ते समजावून सांगितलं, संमतीच्या कागदांवर सह्या आणि अंगठे घेतले, यंत्र सुरू केलं आणि सतरंजीच्या कडेला ठेवलं.

अकरा वाजले. काही झालं नाही.

बायका गप्प. सुगंधाबाई समोर बघत होत्या. एका बाईला ठसका लागला, तिला दुसरीने पाणी दिलं. यंत्रावरचा लाल दिवा जळत होता.

“अक्का,” मागून एकजण हळूच म्हणाली, “साहेबनी टाइम देल शे. एक वाजता बंद व्हई.”

दोघीचौघी पदराआड हसल्या. सुगंधाबाईंनाही हसू आलं, आणि ते आल्याबरोबर त्यांना वाईट वाटलेलं दिसलं.

“येत नही, माय,” त्या संघमित्राला म्हणाल्या. “घरनी बाई पहिले रडत नही. कोनी दारवर येस, मंग रडू फुटस. तठला कोपरावर कोनी दिसाले पाहिजे. या बठ्ठ्या त आम्हन्याच शेतस.”

बरोबर होतं. संघमित्राने हे प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणात स्वतःच लिहिलं होतं. परगावचं माणूस आल्याशिवाय सूर लागत नाही. नवलच्या वेळी कोणी आलं नव्हतं, आणि आज वीस बायका बसल्या होत्या तरी येणारं कोणी नव्हतं. तिने ज्योत्स्ना मॅडमकडे पाहिलं.

मॅडमनी नाही म्हटलं नाही. त्या उठल्या, गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत गेल्या, पदर नव्हता म्हणून ओढणी डोक्यावर घेतली आणि तिथून चालत आल्या. अंगणाच्या तोंडाशी थांबून त्यांनी विचारलं, “येऊ का?”

“बाई,” एक म्हातारी म्हणाली, “तू त लाइटनं मीटर दखाले येल शे अशी चालस.”

आता हसू कोणालाच आवरलं नाही. मॅडम स्वतः हसत हसत खाली बसल्या. संघमित्रा हसली नाही. तिने घड्याळाकडे पाहिलं. दुसरी तारीख मिळायची नव्हती. आजची तारीख दिलेली होती, दिलेली तारीख फुकट गेली की निधीही गेला, आणि मार्चनंतर प्रबंधाला कोणी विचारणार नव्हतं.

हसणं ओसरलं तेव्हा सुगंधाबाई खुर्चीकडे बघत होत्या.

“भाऊ, तुम्हनं गाव कोनतं?”

चौधरी सरांना वाटलं चहापाण्याचं विचारतायत. “धुळ्यालाच असतो. मूळ गाव फैजपूर.”

“माय शे का?”

“नाही.”

“कव्हय गई?”

“त्याच साली,” सर म्हणाले. “म्हणजे तुमच्या भावाच्याच. जळगावला दवाखान्यात होती.”

“तुम्ही व्हतात का तठे?”

सरांनी फाइल एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतली. “दुसऱ्या जिल्ह्यात जायला पास लागायचा तेव्हा. मी अर्ज केला होता.”

“मंग?”

“पास आला.”

“कव्हय?”

सरांनी फाइलची नाडी सोडली आणि पुन्हा बांधली. त्या दिवसांत धुळ्याहून जळगावला जायला आडवाटा पुष्कळ होत्या आणि लोक मोटरसायकलवर त्या वाटांनी जात होते, हे अंगणातल्या प्रत्येक बाईला माहीत होतं. सरांनाही माहीत होतं. पण अर्ज केलेला होता.

“नाव काय व्हतं तिनं?”

“ताईबाई.”

“काय करे?”

वर्गात पोरांना प्रश्न विचारणारा माणूस प्रश्नांची उत्तरं देताना नेहमीच थोडा लहान दिसतो. “शेतातच असायची,” सर म्हणाले. “केळीत. लुगड्यांना चिकाचे डाग असायचे. केळीच्या चिकाचा डाग जात नाही. मी पहिल्या पगाराची दोन नवी लुगडी नेली होती, तर ती शेतात नेसूनच गेली.” मग त्यांना वाटलं आपण जास्त बोललो. “असो.”

“तिले कोन रडनं?”

“कोणी नाही. माझ्या धाकट्या भावालाही आत जाऊ दिलं नाही. गावालाही कोणी येऊ शकलं नाही.”

सुगंधाबाईंनी मान हलवली. “उठा, भाऊ,” त्या म्हणाल्या. “कोपरावर जा आनि तठून या.”

“मी?” सर म्हणाले. “बायकांचं असतं ना ते?”

“तुम्हले रडाले कोन सांगी ऱ्हायनं? तुम्ही फक्त या.”

 सर संघमित्राकडे बघत होते, जणू हे मंजुरीत बसतं का हे तिने सांगायचं होतं. मग त्यांनी फाइल खुर्चीवर ठेवली आणि उठले. ते कोपऱ्यावर गेले. तिथे एक विजेचा खांब होता, त्याच्यापाशी ते वळले आणि चालायला लागले.

पहिली काही पावलं ते परीक्षेच्या हॉलमध्ये फिरतात तसे चालले, हात पाठीमागे बांधून. निम्म्या वाटेत हात सुटले. सुटलेल्या हातांचं काय करायचं हे त्यांना कळेना. एक हात खिशात गेला, बाहेर आला. अंगणाशी पोहोचेपर्यंत ते अगदी हळू चालत होते, उशिरा आलेला माणूस चालतो तसे, ज्याला आता घाई करून उपयोग नाही.

सुगंधाबाई उंबऱ्यावरून उठल्या. आणि त्यांनी सूर लावला.

तो सूर कसा होता हे लिहिता येत नाही आणि संघमित्रानेही प्रबंधात तसा प्रयत्न केलेला नाही. मागे बसलेल्या बायकांनी एकदम पदर तोंडाला लावले. चुलीजवळची बाई पळी हातात तशीच धरून उभी राहिली.

“ताईबाई वं माय,” सुगंधाबाई रडत होत्या, “लुगडाना डाग गया नहीत, आनि तू कसी गई वं. तुना आंडोर, तुना पोर, कागदनी वाट दखे, आनि तू आंडोरनी वाट दखे वं माय. आज तो दारवर उना शे, ऊठ वं, त्याले पानी दे.”

सर अंगणाच्या तोंडाशी उभे होते. कोणीतरी त्यांना हाताला धरून ओट्यावर बसवलं.

मग कुठलाही खंड न पडता, त्याच श्वासात, सुगंधाबाई आपल्या भावाकडे वळल्या. “नवल भाऊ रे, तुले कोनी आंघोय घाली नही रे. तुनं तोंड कोनी माले दखाडं नही. गाडगं दिनं मना हातमा आनि सांगं, हाऊ तुना भाऊ. इतलासा व्हता का रे तू, भाऊ? ताईबाई वं, मना भाऊ तुले तठे दिसना व्हई. त्याले कोरी भाकर खावाडू नको वं, त्याले दूध लागस.”

आता सगळ्या बायका रडत होत्या. एकमेकींच्या गळ्यात पडून, आपापल्या माणसांची नावं घेत. कोणाचा दीर होता, कोणाची जाऊ, कोणाचं तान्हं बाळ, फार जुनं. त्या साली गावात ज्यांचं राहिलं होतं त्या सगळ्यांचं त्या अंगणात झालं. एक वाजला, दीड वाजला. ड्रायव्हर वेटिंगचं विचारायला आला आणि काही न विचारता जीपमध्ये जाऊन बसला.

चौधरी सर रडले की नाही, याबद्दल ज्योत्स्ना मॅडम आणि संघमित्रा यांचं आजही एकमत नाही. रुमाल मात्र त्यांनी परतताना गाडीत वाळत घातला होता. साक्रीला पुन्हा चहा झाला. त्यांनी पैसे दिले, पावती मागितली नाही.

पंचाईत पुढे झाली. संघमित्राने ध्वनिमुद्रण उतरवून घेतलं तेव्हा तिच्या लक्षात आलं, की ज्या मयतांचा उल्लेख आला त्या सगळ्यांच्या वारसांच्या संमती तिने बायकांकडून तिथेच घेतल्या होत्या, एक सोडून. ताईबाईंचे वारस समितीचे अध्यक्ष होते. संमती त्यांनी दिली काय किंवा त्यांच्या धाकट्या भावाने दिली काय, अध्यक्षांच्या कुटुंबीयाचा प्रकल्पाशी संबंध येत होता, आणि मग प्रवास मंजुरीप्रमाणे झाला अशी सही त्यांना करता येत नव्हती. समितीचा सदस्य बरोबर गेला असेल तर ती सही त्याचीच लागे. ती नसेल तर मंगळवारचा प्रवास झालाच नव्हता. आणि या सगळ्याच्या वर, ते ध्वनिमुद्रण बाहेरचे परीक्षक ऐकणार होते, तोंडी परीक्षेला कॉलेजातले लोक बसणार होते, आणि नंतर ते ग्रंथालयात कायमचं राहणार होतं. पासची गोष्ट त्यात होती. अध्यक्षांनी एरवी ती कॉलेजात कोणालाच सांगितली नव्हती.

“तेवढा भाग काढून टाक,” ज्योत्स्ना मॅडम म्हणाल्या. मग त्यांनी ते पुन्हा ऐकलं आणि म्हणाल्या, “नको. कसा काढणार?”

संघमित्रा चौधरी सरांच्या केबिनमध्ये गेली. टेबलावर पितळी पाटी होती, ‘अध्यक्ष, संशोधन व प्रवास साहाय्य समिती’. तिने सगळं सांगितलं. सरांनी आपलेच नियम तिच्याकडून ऐकून घेतले, मधे एकदाही न थांबवता.

“सर, तुमची हरकत असेल तर मी आईंचा भाग काढते,” ती म्हणाली.

“काढल्यावर काय उरतं?”

तिने विचार केला. “चहाची भांडी, सर. आणि ज्योत्स्ना मॅडम चालत येतात ते.”

सर थोडं हसल्यासारखे झाले. “त्यावर ऑनर्स मिळणार नाही,” ते म्हणाले.

“नाही, सर.”

“शेवटची तारीख?”

“उद्या.”

त्यांनी तिला बाहेर बसायला सांगितलं. ती बाहेरच्या बाकावर बसली. कार्यालयाचे हेडक्लार्क रतिलाल केबिनमध्ये गेले, बाहेर आले, प्राचार्यांकडे गेले, परत आले. त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं, पण तो त्यांचा नेहमीचाच चेहरा होता. शेवटी त्यांनी तिला आत पाठवलं.

चौधरी सरांनी पहिल्यांदा, समितीचा अध्यक्ष म्हणून, प्रवास मंजुरीप्रमाणे झाल्याची सही केली. त्याखाली वेळ लिहिली. मग समितीच्या अध्यक्षपदाचा आणि सदस्यत्वाचा राजीनामा रतिलालांच्या हातात दिला, त्यावरही वेळ लिहून, आणि तो स्वीकारल्याची प्राचार्यांची सही आणायला लावली. मग संमतीचा कागद पुढे ओढला. असं सगळं क्रमाने. हा क्रम नियमांत बसतो का, हे नंतर बऱ्याच जणांनी तपासून पाहिलं. बसतो. नियम लिहिणाऱ्यानेच त्यांतली वाट काढली होती. हयातीत एवढ्या एकाच आडवाटेने ते गेले असतील.

संमतीच्या कागदावर मयताचं गाव जळगाव लिहिलेलं होतं. ते त्यांनी खोडून फैजपूर केलं. “मेली जळगावला,” ते म्हणाले. “गाव फैजपूर.” नात्याच्या रकान्यात ‘मुलगा’ लिहिलं आणि सही केली. ती सही नेहमीच्या सहीपेक्षा जरा वेगळी आली, पण तपासायला समितीत आता ते नव्हते.

“प्रती किती काढायच्या असतात?” त्यांनी विचारलं.

“दोन, सर. एक ग्रंथालयाला, एक विभागाला.”

“तिसरी काढता येते का?”

“नियमात नाहीये,” संघमित्रा म्हणाली. मग तिने पर्समधून पेन ड्राइव्ह काढला आणि टेबलावर ठेवला. ती तो घेऊनच आली होती.

रतिलाल पितळी पाटी न्यायला आले तेव्हा सर रजेचा अर्ज लिहीत होते. एका दिवसाची किरकोळ रजा, मार्चअखेरच्या गर्दीत, ज्या दिवसांत त्यांनी कधी तासभरही कॉलेज सोडलं नव्हतं. कारणाच्या ओळीवर त्यांनी लिहिलं, फैजपूर येथे दारावर जाणे.

रतिलालांनी ते वाचलं. अशा वेळी विचारायचं असतं, म्हणून त्यांनी विचारलं, “कोणाच्या दारावर, सर?”

“आमच्याच,” चौधरी सर म्हणाले.